खोकल्याला सीटी स्कॅन, आणि मानेतली सुई मात्र अंदाजाने?

गेल्या चार-पाच वर्षांत आपल्याकडे एक विचित्र सवय रुजली आहे. खोकला आठवडाभर टिकला की पेशंट सीटी स्कॅन मागतो. चोपडा, पारोळा, साक्री, शिरपूर, कुठूनही आलेले नातेवाईक खुर्चीवर बसता बसता म्हणतात, "डाक्टर, एकदाव सीटी करी टाकूत ना!" काहीजण तर स्कॅन करूनच येतात, डॉक्टरांना दाखवायचे नंतर. त्याच घरातल्या एखाद्याची किडनी अचानक बंद पडते, डायलिसिस सुरू करावे लागते आणि त्याच्या मानेत बॉलपेनच्या रिफिलपेक्षा जाड नळी घातली जाते. ती घालताना सुई सोनोग्राफीवर बघून टोचली की अंदाजाने, हे मला आजवर एकाही नातेवाइकाने विचारलेले नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. जिथे चित्राची गरज कमी तिथे आपण महागडे चित्र काढतो, आणि जिथे चित्राशिवाय सुई लावणेच गैर, तिथे चित्र काढत नाही. या लेखात दोन्हींबद्दल भांडणार आहे. काही सहकाऱ्यांना राग येईल, येऊ दे.

आधी नळीबद्दल. डायलिसिसच्या मशीनला मिनिटाला दोनशे ते तीनशे मिली रक्त लागते. सलाइनसाठी हातावर जी सुई लावतात तिच्यातून एवढे रक्त येऊ शकत नाही. त्यासाठी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत दोन कप्प्यांची नळी, म्हणजे कॅथेटर घालावे लागते. एका कप्प्यातून रक्त मशीनकडे जाते, दुसऱ्यातून स्वच्छ होऊन परत येते. यासाठी सर्वांत चांगली जागा म्हणजे मानेच्या उजव्या बाजूची मोठी शीर, कारण तिथून हृदयापर्यंतची वाट जवळजवळ सरळ आहे. ते जमत नसेल तर जांघेतली किंवा मानेच्या डाव्या बाजूची शीर. गळपट्टीच्या हाडाखालची शीर अगदी शेवटी वापरावी, कारण तिथे नळी राहिली की शीर आतून आकसू शकते आणि पुढे त्या हाताचा फिस्टुला बिघडतो.

पद्धत अशी: सुईने शीर सापडवायची, सुईतून एक बारीक तार आत सरकवायची, सुई काढायची, वाट थोडी रुंद करायची आणि तारेवरून नळी आत घालायची. सगळा खेळ पहिल्या सुईचा आहे. मानेत ही शीर एकटी नसते. तिला खेटून मेंदूकडे रक्त नेणारी धमनी असते, आणि थोडे खाली फुप्फुसाचे टोक. शिकवताना आम्हाला खुणा शिकवल्या: मानेचा हा स्नायू, त्याच्या दोन फाट्यांमधला त्रिकोण, धमनीचे ठोके बोटाने चाचपा, त्याच्या बाहेरच्या बाजूला सुई लावा, टोक त्याच बाजूच्या स्तनाग्राच्या दिशेने. बहुतेक वेळा शीर सापडते. पण काही माणसांत शीर धमनीच्या अगदी वर असते, काहींत फार बारीक असते, आणि ज्यांना आधी एक-दोनदा नळी घातलेली आहे त्यांच्यात ती गुठळीने बंद झालेली असू शकते. बाहेरून हे काही कळत नाही. बंद शिरेत तुम्ही वीस वर्षांच्या अनुभवाने सुई लावा नाहीतर दोन, ती बंदच.

सोनोग्राफीचा छोटा प्रोब मानेवर ठेवला की हे सगळे दोन सेकंदांत दिसते. पडद्यावर दोन काळी वर्तुळे दिसतात. प्रोबने हलकेच दाबले की एक चपटे होते, ती शीर. दुसरे दाबले जात नाही आणि ठोके देत राहते, ती धमनी. शीर चपटी होत नसेल तर आत गुठळी असण्याची शक्यता, मग त्या बाजूला हात लावायचा नाही. हे ओळखायला रेडिओलॉजीची पदवी लागत नाही. नर्सिंगच्या मुलींना दाखवले तर त्यांनाही पाच मिनिटांत कळते. सुईचे टोक शिरेत शिरताना पडद्यावर दिसते आणि मगच तार आत जाते.

ही काही नवीन फॅशन नाही. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने मानेतल्या शिरेत नळी घालताना सोनोग्राफी वापरावी असे २००२ सालीच सांगितले. २०१५ साली कोक्रेनच्या संशोधकांनी मानेतल्या या शिरेबद्दलचे ३५ अभ्यास, म्हणजे पाच हजारांवर रुग्ण एकत्र करून पाहिले. सोनोग्राफीवर बघून सुई लावली तर एकूण गुंतागुंत सुमारे ७० टक्क्यांनी कमी होते आणि चुकून धमनीत सुई जाण्याचे प्रमाणही जवळजवळ तेवढेच घटते. औषधाच्या एखाद्या गोळीने एवढा फरक पडला असता तर कंपनीने चौकाचौकात फलक लावले असते.

आणि नळी गेल्यावर? छातीचा एक साधा एक्स-रे. त्यात दोन गोष्टी बघायच्या: नळीचे टोक हृदयाच्या तोंडाशी आहे की भलतीकडे वळले आहे, आणि फुप्फुसाला सुई लागून बाहेर हवा तर साचली नाही ना. वर्नर फॉर्समान नावाच्या जर्मन डॉक्टरची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. १९२९ साली त्याने स्वतःच्या हाताच्या शिरेतून एक लांब नळी हृदयापर्यंत सरकवली आणि ती तशीच ठेवून जिना उतरून एक्स-रे खोलीत गेला. टोक कुठे पोहोचले हे फोटोत दिसल्यावरच त्याने ते खरे मानले. पुढे १९५६ साली त्याला नोबेल मिळाले. शंभर वर्षांपूर्वी, स्वतःच्याच शरीरात नळी घालणाऱ्या त्या अवलिया माणसालाही फोटोशिवाय खात्री वाटली नाही. आणि आज काही ठिकाणी मानेत नळी घातल्या घातल्या, फोटो न काढता मशीन जोडले जाते.

आता विरोधातले मुद्दे. सगळ्यात जास्त ऐकू येणारा म्हणजे "आमचा हात बसलेला आहे." हात बसलेला असतो हे मला मान्य आहे, आमच्या पिढीने असेच केले. पण हात बसतो तो सरासरी मानेवर, समोरच्या मानेवर नाही. मान सुजलेली आहे, पेशंटला दम लागतोय म्हणून आडवे होता येत नाही, यूरिया वाढल्याने रक्त लवकर गोठत नाही, आधीच्या नळीचे व्रण आहेत. डायलिसिसचा पेशंट म्हणजे नेमका हाच. चार वेळा टोचून काळीनिळी झालेली मान घेऊन दुसरीकडे पाठवलेले पेशंट मी पाहिले आहेत. कागदावर "डिफिकल्ट ॲक्सेस" एवढेच लिहिलेले असते. शीर अवघड होती, की ती कुणी पाहिलीच नाही?

दुसरा मुद्दा "इमर्जन्सी होती." इमर्जन्सीत तर पहिल्या सुईत काम व्हायला हवे.

तिसरा मुद्दा जरा गंभीर आहे, आणि तो म्हणजे कायदा. गर्भलिंग निदानाच्या गैरप्रकारामुळे सोनोग्राफीचे प्रत्येक मशीन पीसीपीएनडीटी कायद्याखाली येते, मग ते मान बघायला वापरा की पोट. डायलिसिसच्या खोलीत एक लहान मशीन ठेवायचे तर जागेची नोंदणी, मशीनची नोंदणी, चालवणाऱ्याचे प्रशिक्षण, सगळे आले. नियमात चूक निघाली तर मशीन सील होते. त्यामुळे अनेक डॉक्टर म्हणतात, नकोच ती कटकट.

या कायद्याविरुद्ध मी बोलणार नाही. आपल्या भागाला तो अधिकार नाही. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे साडेआठशेही मुली नव्हत्या. राज्यातल्या सर्वांत वाईट आकड्यांपैकी तो एक होता, आणि ते पाप मशीनचे नव्हते, ते चालवणाऱ्या डॉक्टरांचे आणि पैसे मोजणाऱ्या घरांचे होते. महाराष्ट्राने १९८८ साली, देशाच्या आधी, यासाठी कायदा केला तो उगीच नाही. पण कायदा डायलिसिसच्या खोलीत सोनोग्राफी करू नका असे म्हणत नाही. ज्या जागेची नोंदणी आहे त्या जागेत, तिथल्या दाखल रुग्णांसाठी पोर्टेबल मशीन वापरता येते. ज्या हॉस्पिटलात सोनोग्राफीचा विभाग आहे आणि डायलिसिसही आहे, तिथे हे शक्य आहे. लागते ती कागद नीट करण्याची तयारी. कायद्याचे नाव पुढे करून आळस लपवू नये, एवढेच मी म्हणतो.

काही ठिकाणी मधला मार्ग काढतात: पेशंटला आधी सोनोग्राफीच्या खोलीत नेतात, मानेवर पेनने खूण करून आणतात आणि मग वॉर्डात त्या खुणेवर सुई लावतात. काहीच नसण्यापेक्षा बरे. पण मान थोडी जरी वळली तरी शीर खुणेखालून सरकते. सुई आत जाताना बघणे ही वेगळी गोष्ट आहे.

खरे कारण मला वेगळेच वाटते. सोनोग्राफीवर बघून सुई लावण्याचे वेगळे बिल बहुधा होत नाही. ते पॅकेजमध्ये गेले. सीटी स्कॅनचे बिल होते. डायलिसिस आपल्याकडे गरिबाच्या आवाक्यात आले ते सरकारी योजनेमुळे. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात धुळे होते, पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली, आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. मला या योजनेचे कौतुक आहे. पण पॅकेज ठरले की प्रत्येकजण विचार करतो, यात काय वाचवता येईल. वाचवली जाते ती जेल, प्रोबचे निर्जंतुक आवरण आणि दहा मिनिटे.

आता दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे छातीच्या सीटीकडे.

कोविडमध्ये एचआरसीटी हा शब्द गावागावांत पोहोचला. तेव्हा त्याला काही कारण होते. आरटीपीसीआरचा रिपोर्ट यायला चार-चार दिवस लागत, बेड मिळवायला काहीतरी कागद लागे. मागणी इतकी वाढली की सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारला दर बांधून द्यावे लागले: मशीनच्या क्षमतेनुसार २,०००, २,५०० आणि ३,००० रुपये. "स्कोअर किती?" हा प्रश्न परीक्षेच्या मार्कांसारखा विचारला जाऊ लागला. पंचवीसपैकी आठ आले की हायसे, चौदा आले की रडारड. तो स्कोअर म्हणजे फुप्फुसाच्या पाच भागांना प्रत्येकी पाचपैकी दिलेले गुण. किती भाग व्यापला एवढेच तो सांगतो. स्कोअर बारा असून घरी चालत जाणारे होते आणि सहा असून ऑक्सिजनवर गेलेले होते. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर त्यापेक्षा जास्त उपयोगी होते, पण ते बाराशे रुपयांचे, त्याला कोण भाव देणार?

मे २०२१ मध्ये एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया म्हणाले की एक सीटी म्हणजे तीनशे-चारशे छातीच्या फोटोंएवढे किरण. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने त्याला लगेच हरकत घेतली, नव्या मशीनमध्ये डोस खूप कमी असतो असे सांगितले. मला त्या वादात पडायचे नाही. मशीन आणि पद्धतीप्रमाणे आकडा बदलतो, पण एका साध्या फोटोच्या कितीतरी पट किरण सीटीत असतात याबद्दल दोन्ही बाजूंत वाद नाही. गरज असेल तर तेवढे किरण घ्यायला काहीच हरकत नाही. गरज नसेल तर का घ्यायचे?

कोविड गेला, सवय राहिली. आता व्हायरल तापाला सीटी, ॲलर्जीच्या खोकल्याला सीटी, न्यूमोनिया बरा होत असताना पाचव्या दिवशी "किती क्लिअर झाले बघू" म्हणून पुन्हा सीटी. न्यूमोनियाची सावली फोटोतून जायला चार ते सहा आठवडे लागतात, वयस्कर माणसांत त्याहून जास्त. पेशंट जेवतोय, ताप उतरलाय, श्वास शांत आहे, तर पाचव्या दिवशीचे चित्र काय सांगणार?

न्यूमोनियाचे निदान आधी माणूस बघून होते. मिनिटाला श्वास किती, ऑक्सिजन किती, स्टेथोस्कोपने कुठे खरखर आहे. मग छातीचा एक नीट काढलेला फोटो. नीट काढलेला हे महत्त्वाचे: उभे राहून, पूर्ण श्वास आत घेऊन, गळ्यातली पोत आणि ताईत काढून. बायकांची वेणी पाठीवर टाकायची नाही, वर बांधायची. वेणीची सावली फुप्फुसाच्या टोकावर पडली की टीबीचा डाग वाटू शकते, मग त्यावरून सीटी, आणि सीटीत काही नाही! झोपवून काढलेल्या फोटोत हृदय मोठे दिसते, ते घाबरण्याचे कारण नसते. हे सगळे टेक्निशियनला माहीत असते, गर्दीत विसरले जाते.

साध्या फोटोला कमी लेखू नका. २०१९ ते २०२१ या काळात देशात टीबीची मोठी पाहणी झाली. सापडलेल्या टीबी रुग्णांपैकी ४० टक्क्यांहून अधिकांना लक्षणे विचारून शोधताच आले नसते, ते छातीच्या फोटोमुळे सापडले. हे काम काही शे रुपयांच्या फोटोने केले, सीटीने नाही. आणि पुढे टीबी पक्का होतो तो बेडक्याच्या तपासणीने. बेडका न तपासता सीटीवरून टीबीची औषधे सुरू करणे हे आपल्याकडचे आणखी एक दुखणे, त्यावर वेगळे लिहीन.

मग सीटी कधी? फोटो आणि पेशंट यांचा मेळ बसत नाही तेव्हा. फोटो स्वच्छ आहे पण दम लागतोय. औषध बरोबर दिले तरी ताप हटत नाही. गाठीची शंका आहे. फुप्फुस आकसण्याचा आजार वाटतोय. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी असेल असे वाटते. आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे: केमोथेरपी चालू असलेले, किडनी बदललेले, आणि डायलिसिसवरचे.

इथे दोन्ही विषय एकत्र येतात. डायलिसिसच्या पेशंटला दम लागून फोटोत दोन्ही बाजू पांढऱ्या दिसल्या की रिपोर्टवर "न्यूमोनिया" असे येते आणि महागडी अँटिबायोटिक सुरू होतात. पण दोन डायलिसिसच्या मध्ये त्याचे वजन चार किलो वाढलेले असते. हे पाणी आहे. मशीनवर ते काढा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा साधा फोटो काढा. पांढरेपणा बराच गेला असेल तर ते पाणी होते. जंतुसंसर्ग एका दिवसात असा पुसला जात नाही. वजनकाटा आणि दोन एक्स-रे यांत हे निदान होते.

उलट, ज्याच्या मानेत नळी आहे आणि डायलिसिस चालू असताना थंडी वाजून ताप भरतो, त्याला खोकला असला तरी आधी नळीवर संशय घ्यायचा. तात्पुरती नळी साधारण दोन आठवड्यांपुरती सोय असते. आपल्याकडे ती दोन-दोन महिने राहते, कारण फिस्टुलाचे ऑपरेशन "कापूस निघाल्यावर" करायचे असते. नळीवर जंतूंचा थर बसतो, त्याचे तुकडे सुटून हृदयाच्या उजव्या बाजूतून थेट फुप्फुसात जातात. फुप्फुसाच्या कडेकडेने लहान गोल डाग तयार होतात, काही आतून पोकळ होतात. साध्या फोटोत ते हुकतात किंवा टीबी समजले जातात. अशा पेशंटची सीटी तातडीने करा, त्या दिवशी मी स्वतः आग्रह धरतो. आणि अँटिबायोटिकच्या आधी रक्ताचे कल्चर पाठवा, एक नळीतून आणि एक दुसरीकडून. नळी काढल्याशिवाय हा ताप बहुधा जात नाही, तुम्ही कितीही भारी इंजेक्शन द्या. म्हणजे ज्याला सीटी खरेच हवी तो हा माणूस, आणि नेमका त्याच्याकडेच तोवर स्कॅनचे पैसे उरलेले नसतात.

घरात कोणाला डायलिसिसची नळी घालायची वेळ आली तर संमतीपत्रावर सही करण्याआधी हे विचारा: सुई सोनोग्राफीवर बघून लावणार का? कोणत्या बाजूला, आणि तीच का? आधी त्या बाजूला नळी होती हे डॉक्टरांना माहीत आहे का? मानेत घातल्यावर छातीचा फोटो कधी काढणार? नळी किती दिवस ठेवणार आणि फिस्टुलाची तारीख कोणती? डावखुरे नसाल तर डाव्या हाताला सलाइन लावू देऊ नका, तो हात फिस्टुलासाठी राखून ठेवा. इमर्जन्सी असली तरी हे विचारायला एक मिनिट लागते. मशीन नाही असे उत्तर आले तर जवळच्या दुसऱ्या ठिकाणी आहे का आणि पेशंटला तिथवर नेता येईल का, हेही विचारा. पेशंट हलवण्याच्या स्थितीत नसेल तर वाद घालत बसू नका, जांघेतून नळी घालण्याचा पर्याय विचारा, तिथे निदान फुप्फुसाला सुई लागण्याची भीती नाही.

सरकारी यंत्रणेकडे माझी मागणी एकच आहे. धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अनेक वर्षांपासून आहे, जळगावात २०१८ पासून आहे. या दोन जिल्ह्यांत योजनेखाली डायलिसिस करणाऱ्या प्रत्येक केंद्राकडे दोन गोष्टी लेखी मागाव्यात: मानेतल्या किती नळ्या सोनोग्राफीवर बघून घातल्या, आणि किती जणांचा नंतर फोटो काढला. मशीनच्या नोंदणीचे अर्ज आले तर ते अडकवून ठेवू नयेत, आणि नोंदणी झालेल्या मशीनची तपासणी मात्र कडक करावी. पॅकेजमध्ये या दहा मिनिटांचे वेगळे पैसे द्यावेत, फार नको, एका एचआरसीटीच्या चौथ्या हिश्शाएवढे पुरेत.